पूर्वजाचें मृत्युपत्र आणि फेरफाराची वही

ज्याच्या घरीं आज एक गुंठाही शेत उरलेलें नाहीं, तो मनुष्य शेतकऱ्यांच्या मासिकांत काय म्हणून लिहितो, अशी शंका वाचकांपैकीं कित्येकांस येईल; आणि ती रास्तच आहे. आमचें मानखुर्द हें साष्टींतील जुनें खेडें. दक्षिणेस ट्रॉम्ब्याचा डोंगर, पूर्वेस ठाण्याची खाडी, आणि मधल्या सपाटींत खारीं भातशेतें व मिठागरें, असें त्याचें रूप आमच्या वाडवडिलांनीं पाहिलें. १९२० सालीं मुंबई उपनगर जिल्हा ठाणें जिल्ह्यापासून वेगळा झाला. पुढें १९५० व १९५७ सालीं मुंबई महापालिकेची हद्द वाढली. १९७३ सालीं खाडीवर वाशीचा पूल झाला. आणि शेतांच्या जागीं रस्ते, वसाहती व झोपड्या आल्या. शेत गेलें, परंतु शेताचे कागद राहिले. त्यांपैकीं एका कागदाविषयीं येथें लिहिण्याचें योजिलें आहे, कारण ज्यांचें शेत अद्यापि शाबूत आहे त्यांच्याच उपयोगाची ती गोष्ट आहे, असें मला वाटतें.

प्रथम माझ्याविषयीं दोन शब्द. माझें शिक्षण मराठी शाळेंत बेताचेंच झालें. महसूल खात्यांत कारकून म्हणून लागलों आणि अठ्ठावन्नाव्या वर्षीं कारकून म्हणूनच निवृत्त झालों. या काळांत वारसनोंदीचे हजारों कागद माझ्या हातांखालून गेले. कोणी मृत्युपत्राची नक्कल पुढें केली म्हणजे मी मनांत म्हणें, आलें भांडण! मृत्युपत्र म्हणजे वाटणीचें हत्यार, ही माझी पक्की समजूत होती. तें घराच्या इतिहासाचें साधन असूं शकेल, असें नोकरीच्या साऱ्या वर्षांत एकदांही मनांत आलें नाहीं.

निवृत्तीनंतर घर दुरुस्तीस काढलें, तेव्हां वडिलांच्या पत्र्याच्या पेटींत, धाऱ्याच्या पावत्यांखालीं, एक घडीचा कागद निघाला. खालीं दुय्यम निबंधकाचा शिक्का, वर सबंध मोडी, साल १९२३. पणजोबांचें नांव तेवढें कसेंबसें लागलें. ज्या खात्याचीं जुनीं दप्तरें मोडींत भरलेलीं आहेत त्या खात्यांत मीं उभा जन्म काढला, आणि माझ्याच पणजोबांचें शेवटचें बोलणें मला वाचतां येईना, ही लाज मनास लागली. पुराभिलेख खात्यातर्फे मोडीचे वर्ग भरतात. तशा एका वर्गांत विशी-पंचविशीच्या मुलामुलींच्या पंक्तीस बसून मीं मोडीची बाराखडी गिरविली. कागद पुरा लागण्यास तीन महिने गेले.

मृत्युपत्र ही आपल्या धर्मशास्त्रांतील जुनी चाल नव्हे. एकत्र कुटुंबाची मालमत्ता पिढीजात; मरणाऱ्यानें ती कोणास द्यावी हा प्रश्नच सहसा उद्भवत नसे. इंग्रजी अंमलांत मुंबई, कलकत्ता व मद्रास येथील न्यायालयांमुळें ही चाल रुळली. लेखी दस्त, सही वा खूण, आणि दोन साक्षीदार, हे नियम १८७० च्या हिंदु मृत्युपत्रांच्या कायद्यानें मुंबई शहरास लागू केले; परंतु शहराबाहेर, म्हणजे आमच्या साष्टींतील जमिनीस, ते लागू नव्हते. तेथें हिंदु मनुष्याचें तोंडी मृत्युपत्रही चालत असे. १ जानेवारी १९२७ पासून पुढें होणाऱ्या सर्वच हिंदु मृत्युपत्रांस हे नियम लागू झाले. म्हणजे पणजोबांस १९२३ सालीं चार माणसांदेखत तोंडानें सांगून भागलें असतें. तरीही निशाणी अंगठा करणारा तो मनुष्य कामाचा दिवस मोडून कचेरींत गेला, कागद लिहवून घेतला व नोंदवून आला. कां गेला असेल? हा पहिला प्रश्न मला पडला, आणि त्याचें उत्तर कागदाच्या शेवटाकडे मिळालें.

दुसरी एक गोष्ट वाचकांनीं लक्षांत ठेवण्याजोगी आहे. १९५६ च्या हिंदु वारसा कायद्यापूर्वीं एकत्र कुटुंबांतील आपल्या अविभक्त हिश्शाची व्यवस्था मृत्युपत्रानें करतां येत नसे. म्हणून त्या काळच्या मृत्युपत्रांत वडिलार्जित कोणतें आणि स्वकष्टार्जित कोणतें, याची फोड आवर्जून केलेली आढळते. वंशावळ नुसतीं नांवें सांगते; ही फोड त्या मनुष्यानें जन्मभर काय केलें तें सांगते. 'आपली सगळी जमीन बापजाद्यांची' असें आम्ही लहानपणापासून ऐकत आलों. कागद म्हणतो, बापजाद्यांचीं शेतें दोन. तिसरें खाडीकडील खाचर पणजोबांनीं मिठागरावर मजुरी करून विकत घेतलें व स्वतः बांध घालून पिकास आणलें. शंभर वर्षें घरांत चालत आलेली समजूत एका ओळीनें खोटी ठरली.

मृत्युपत्राचा आरंभ नेहमींचाच आहे: देहाचा भरंवसा नाहीं, बुद्धि ठिकाणावर आहे, कोणाच्या भरीस पडून लिहून देत नाहीं. पुढें देण्याची यादी. वाण्याचे रुपये सतरा, एका सोयऱ्याचें भात दोन मुडे. बैल एक. होडी अर्धी, म्हणजे भावकींत सामाईक. आणि मग बांधाविषयीं तब्बल नऊ ओळी. खाऱ्या शेताचें जगणें-मरणें बांधावर असतें. उधाणाचें पाणी एकदां आंत शिरलें म्हणजे पावसानें मीठ धुऊन जाईपर्यंत शेत पिकाचें राहत नाहीं, आणि त्यास एक पावसाळा पुरतोच असें नाहीं. म्हणून पणजोबा लिहवितात कीं, वैशाखांत बांधास माती घालावी. उघाडीची फळी कुजली कीं काय तें पाहावें. उधाणाच्या रात्रीं घरटीं एक माणूस बांधावर असावा. खांड गेल्यास चिखल आधीं टाकावा, वाद मागाहून घालावा. मरणाच्या दारीं उभा असलेला मनुष्य देवळास काय द्यावें हें सांगत नाहीं, बांधास माती घालण्यास सांगतो. पणजोबांचें छायाचित्र आमच्याकडे नाहीं. परंतु या नऊ ओळींत ते मला प्रथम दिसले.

त्यानंतर तें कलम येतें, ज्यासाठीं ते कचेरींत गेले होते. पणजोबांस मुलगे तीन. आम्हांस ठाऊक होते दोनच, माझे आजोबा व त्यांचे थोरले बंधु. तिसरा, सर्वांत धाकटा, १९१८ सालच्या मानमोडींत, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या सांथींत गेला. मागें त्याची बायको राहिली, मूल नव्हतें. कागद म्हणतो: हिनें पांच वर्षें माझ्या बरोबरीनें बांधावर चिखल वाहिला, मुलग्यांनीं केलें नाहीं तें हिनें केलें, सबब खाडीकडील खाचर हिनें तहहयात वहिवाटावें व त्याचें पीक खावें, तें तिच्या अन्नवस्त्राबद्दल आहे, मुलग्यांनीं हरकत करूं नये, तिच्या पश्चात् तें दोघांचें. त्या काळीं एकत्र कुटुंबांतील विधवेस अन्नवस्त्रापलीकडे हक्क नव्हता, आणि अन्नवस्त्र म्हणजे दिराच्या मर्जीचा तुकडा, हें म्हाताऱ्यानें ओळखलें होतें. तोंडी शब्द आपल्यामागें टिकणार नाहीं, म्हणूनच तो कागद करण्यास गेला.

मृत्युपत्रांत त्या बाईचें नांव स्पष्ट आहे. जुन्या दस्तांत मुलाच्या व बापाच्या नांवांमध्यें 'बिन' आणि बायकोच्या व नवऱ्याच्या नांवांमध्यें 'कोम' लिहिण्याची चाल असे. त्याप्रमाणें तिचें नांव, पुढें कोम, पुढें नवऱ्याचें नांव. माझ्या सबंध आयुष्यांत हें नांव घरांतील कोणाच्याही तोंडून मीं ऐकलेलें नव्हतें.

येथवर मृत्युपत्र. परंतु मी पडलों महसुलाचा मनुष्य; दस्त वाचला कीं पुढची नोंद पाहावी, ही हाताची सवय. मृत्युपत्र मनुष्याची इच्छा सांगतें. प्रत्यक्ष झालें काय, तें वही सांगते. मुंबई इलाख्यांत १९०३ च्या कायद्यानें हक्कनोंदीची पद्धत आली, आणि जमिनीच्या हक्कांतील प्रत्येक बदल फेरफाराच्या वहींत, म्हणजे आज ज्यास आपण गांव नमुना सहा म्हणतों तींत, चढूं लागला. पणजोबा १९२४ सालीं वारले. दुसऱ्या वर्षाच्या फेरफाराची नक्कल मीं काढविली. तींत मजकूर एवढाच: खातेदार मयत, वारस मुलगे दोन, कब्जा दोघांचा, कोणाची हरकत नाहीं. मृत्युपत्राचा उल्लेख नाहीं, सुनेचा नाहीं. तिचा हक्क 'इतर हक्क' या सदरीं एका ओळींत मावला असता. ती ओळ लिहिली गेली नाहीं.

मग पीकपाहणीच्या वह्या पाहिल्या. जमिनीचा कब्जेदार कोण आणि ती कसतो कोण, हीं दोन सदरें निराळीं असतात. तेथें ती सांपडली. १९३१ पासून त्या खाचरावर कसणारी म्हणून तिचें नांव आहे, आणि शेजारीं कुळाची खूण आहे. म्हणजे सासऱ्यानें जें शेत अन्नवस्त्रास लिहून दिलें, तेंच शेत ती आपल्या दिरांचें कूळ म्हणून, खंड भरून, कसत होती! पंधरा वर्षें हें नांव ओळीनें दिसतें. १९४६ च्या वहींत तें नाहीं. त्या जागीं माझ्या आजोबांचें नांव. जमीन खुद्द कसतात. ते कूळकायद्याचे दिवस होते. पहिला कायदा १९३९ चा, पुढचा १९४८ चा. त्या दिवसांत कुळांचीं नांवें वह्यांतून कशीं गळालीं, हें महसुलांत नोकरी केलेल्यास सांगावें लागत नाहीं.

ही बाई १९६१ पर्यंत हयात होती, असें तिच्या माहेरच्या वृद्ध माणसांकडून कळलें. १७ जून १९५६ रोजीं हिंदु वारसा कायदा अंमलांत आला. त्याच्या चौदाव्या कलमानें स्त्रीच्या ताब्यांतील मर्यादित हक्काची मालमत्ता तिच्या पूर्ण मालकीची झाली. आणि अन्नवस्त्राच्या हक्कापोटीं मिळालेली मालमत्ता, दस्तांत ती तहहयात म्हटलेली असली तरी, या कलमानें पूर्ण मालकीची होते, असें सर्वोच्च न्यायालयानें १९७७ सालीं तुलसम्मा खटल्यांत ठरविलें. तिची वहिवाट आणखी दहा वर्षें टिकती, तर खाचर तिचें झालें असतें. पुढें तें शेत माझ्या वडिलांच्या वेळीं सरकारी कामासाठीं गेलें आणि मोबदला दोन घरांत वांटला गेला. त्या पैशांतून आमच्या घरावर कौलांच्या जागीं स्लॅब पडला. माझ्या बहिणींचीं लग्नें झालीं.

हें सर्व जुळलें त्या दिवसापासून आठवडाभर मीं घरांत कोणास कांहीं सांगितलें नाहीं. आजोबांची तसबीर ओटीवर आहे. गांवांत ते न्यायी म्हणून प्रसिद्ध होते, आणि माझा अनुभवही तोच. बोट धरून उघाडी कशी उघडते तें त्यांनींच मला दाखविलें. त्यांनीं हें स्वतः केलें, कीं थोरल्या भावाच्या म्हणण्यास मान डोलावली, कीं तलाठ्यानें सुचविलें, हें वही सांगत नाहीं. मी त्यांचा न्याय करूं शकत नाहीं. परंतु आतां ती तसबीर पाहतांना मला दोन माणसें दिसतात, आणि दुसऱ्या माणसाकडे पाठ फिरवून पहिल्यास नमस्कार करणें मला साधत नाहीं.

आमच्या घराची ही गोष्ट लहान आहे. परंतु इच्छा आणि घडलेली गोष्ट यांमधील हें अंतर मोठ्या माणसांच्या घरींही दिसतें. 'शेतकऱ्याचा असूड' लिहून कुणब्याची दैन्यावस्था सरकारपुढें व समाजापुढें मांडणारे महात्मा जोतीराव फुले यांनीं १० जुलै १८८७ रोजीं मृत्युपत्र केलें व तें रीतसर नोंदविलें. पत्नी सावित्रीबाई व दत्तक पुत्र यशवंत यांची व्यवस्था त्यांत आहे. यशवंत लायक न निघाल्यास शूद्र मानलेल्या जातींतील दुसरा लायक मुलगा निवडावा, अशी तजवीज आहे; म्हणजे वारसा रक्तापेक्षां लायकीवर ठेविला आहे. आपला देह न जाळतां मिठांत पुरावा, अशी इच्छाही आहे. २८ नोव्हेंबर १८९० रोजीं जोतीराव वारले. वस्तींत देह पुरण्यास परवानगी मिळाली नाहीं व दहन करावें लागलें. टिटवें कोणीं धरावें, यावरून भाऊबंदांनीं यशवंताच्या हक्कास हरकत घेतली, तेव्हां सावित्रीबाईंनीं तें स्वतः हातीं घेतलें. मृत्युपत्र एकटें वाचणारास जोतीरावांचें मन कळेल. सावित्रीबाईंचें धैर्य कळण्यास त्या दिवशीं काय घडलें तेंही वाचलें पाहिजे. आणि याच घराण्यांत एक पिढी आधीं, पेशव्यांनीं फुलबागेसाठीं दिलेली ३५ एकर जमीन थोरल्या भावानें एकट्याच्या नांवें करून घेतली व जोतीरावांचे वडील गोविंदराव आपल्या हिश्शास मुकले, असें चरित्रकार सांगतात. कागदावर नांव चढणें आणि न चढणें, यानें एका घराची वाट कशी बदलते, याचें याहून मोठें उदाहरण शोधण्याचें कारण नाहीं.

यावर कोणी म्हणेल कीं, मेलेल्यांचे कागद उकरून जिवंतांत भांडणें लावण्यांत काय लाभ? हा आक्षेप मला मान्य आहे, कारण तीं भांडणें मीं जवळून पाहिलीं आहेत. इतिहासही त्यास साक्ष आहे. पुण्याचे सरदार बाबा महाराज यांनीं ७ ऑगस्ट १८९७ रोजीं, मृत्यूच्याच दिवशीं, मृत्युपत्र केलें व लोकमान्य टिळकांस इतरांबरोबर विश्वस्त नेमलें. पुढें जन्मलेला मुलगा दोन महिन्यांत गेला. १९०१ सालीं औरंगाबादेस दत्तक झाला. त्या दत्तकावरून ताई महाराज आणि विश्वस्त यांत जो वाद पेटला, तो फौजदारी खटल्यापर्यंत जाऊन अखेर १९१५ सालीं प्रिव्ही कौन्सिलांत मिटला. एका कागदापायीं अठरा वर्षें! तेव्हां मृत्युपत्र वाचण्यापूर्वींच आपण तें कशासाठीं वाचतों हें मनाशीं ठरविलें पाहिजे. गेलेलें शेत परत मिळविण्यासाठीं शंभर वर्षांपूर्वींचा कागद घेऊन वकिलाकडे धांवणारास मीं कधीं लाभ झालेला पाहिला नाहीं. बैल विकलेला मात्र पाहिला आहे. माझें म्हणणें निराळें आहे. मृत्युपत्र दाव्याचा कागद म्हणून न वाचतां घराचा आरसा म्हणून वाचावें. आणि आरशांत जें दिसेल तें पुढच्या पिढीच्या नोंदी करतांना स्मरावें.

आतां असे कागद शोधावे कसे, याविषयीं अनुभवाच्या चार गोष्टी सांगतों. मृत्युपत्राची नोंदणी सक्तीची नाहीं, त्यामुळें प्रत्येक घराचें सांपडेलच असें नव्हे. परंतु नोंदलेलें असल्यास तें दुय्यम निबंधकाच्या कचेरींतील तीन क्रमांकाच्या पुस्तकांत उतरविलेलें असतें. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणें, करणारा जिवंत असेपर्यंत त्याची नक्कल त्यास वा त्याच्या मुखत्यारासच मिळते. तो मेल्यावर मात्र अर्ज करणाऱ्या कोणासही मिळते. बंद लखोट्यांत ठेव म्हणून दिलेल्या मृत्युपत्रांचें पुस्तक निराळें असतें. तें जिल्ह्याच्या निबंधकाकडे, पांच क्रमांकाचें. पूर्वजाची मिळकत मुंबई शहरांत असेल तर मृत्युपत्राचें प्रोबेट घ्यावें लागे. तें काम १८६२ सालीं स्थापन झालेल्या मुंबई उच्च न्यायालयाकडे असे, म्हणून तेथेंही शोध घ्यावा. साल नक्की ठाऊक नसल्यास आधीं फेरफाराच्या वहींतून मृत्यूचें साल काढावें व तेथून मागें जावें. साष्टी-वसईकडील ख्रिस्ती शेतकऱ्यांस देवळांतील बाप्तिस्म्याच्या व मृत्यूच्या वह्यांचा आधार आहे. तो इतरांस नाहीं.

कागद हातीं आला म्हणजे वाचण्याचीही एक रीत आहे. कोणास काय दिलें, हें सर्वजण पाहतात. त्याआधीं कोणाचें नांव आहे व कोणाचें नाहीं, हें पाहावें. कोणाचा उल्लेख नांवानें आहे आणि कोणाचा नुसत्या नात्यानें, हें पाहावें. देण्याची यादी वाचावी; घराची खरी स्थिति मालमत्तेपेक्षां कर्जांत अधिक दिसते. साक्षीदार कोण, तें पाहावें. सख्खा भाऊ साक्षीस नसून शेजारचा कोळी असेल, तर त्या घरांत काय चाललें होतें याचा अंदाज येतो. आमच्या मृत्युपत्रास दोन साक्षीदार आहेत, दोघेही भावकीबाहेरचे. आणि शेवटीं, मृत्युपत्र व त्यानंतरचा फेरफार हे दोन कागद शेजारीं शेजारीं ठेवावे. जें एकांत आहे व दुसऱ्यांत नाहीं, तोच आपल्या घराचा न सांगितलेला इतिहास.

आतां माझ्या स्वतःच्या पदरचें सांगतों, कारण तें टाळून उपदेश करणें बरें दिसणार नाहीं. महाराष्ट्रांत १९९४ च्या दुरुस्तीनें, व सबंध देशांत २००५ च्या दुरुस्तीनें, एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेंत मुलींस मुलांबरोबरीचा हक्क मिळाला. तरीही वडील वारले तेव्हां मीं माझ्या दोन्ही बहिणींच्या सह्या हक्कसोडपत्रावर घेतल्या. पोलीसपाटलाच्या ओटीवर पांच मिनिटांत काम झालें, चहा झाला, त्या हंसत गेल्या. राहिलें होतें तें गांवठाणांतलें घर व थोडी मोकळी जागा. 'बहिणींनीं स्वखुशीनें हक्क सोडला' हें वाक्य नोकरींत मीं इतक्या वेळां लिहिलें होतें कीं, तें स्वतःच्या घरांत लिहितांना लेखणी अडखळलीही नाहीं. १९२५ सालच्या फेरफारांतील 'कोणाची हरकत नाहीं' हें वाक्य वाचलें, तेव्हां तें अक्षर माझेंच आहे असा भास झाला.

पणजोबांचें मृत्युपत्र मीं देवनागरींत उतरवून काढलें आणि गेल्या अक्षय्यतृतीयेस दोन्ही घरच्या मंडळींस बोलावून वाचून दाखविलें. पीकपाहणीच्या नकलाही पुढें ठेवल्या. चुलतभाऊ रागावून उठून गेले. ते म्हणाले, आजोबांची अब्रू चव्हाट्यावर मांडण्यास तुला पेन्शन मिळते काय? थोरली बहीण बराच वेळ कांहीं बोलली नाहीं. मग म्हणाली, दादा, तिचें नांव पुन्हां एकदां वाच. मीं वाचलें. माझ्या मृत्युपत्रांत बहिणींस काय द्यावयाचें तें मीं लिहिलें आहे व तें नोंदविलेंही आहे. तें येथें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. घरच्या वंशावळींत त्या बाईचें नांव तिच्या नवऱ्याच्या शेजारीं आतां लिहिलेलें आहे, आणि त्याखालीं एवढेंच कीं, हिनें खाडीकडील बांध राखला. चुलतभाऊ अद्यापि बोलत नाहींत.

शेतकरी बंधुभगिनींस माझी विनंति तीन गोष्टींची आहे. ज्यांच्या घरीं जुनें मृत्युपत्र असेल त्यांनीं तें पेटींतून काढून, वाचवून घेऊन, त्याची साध्या अक्षरांतील नक्कल करून ठेवावी. वाळवी कोणाची इच्छा पाहत नाहीं. ज्यांच्या घरीं वारसनोंद व्हावयाची आहे त्यांनीं ती करतांना सुनेचें, बहिणीचें, विधवेचें नांव वहींत चढलें कीं नाहीं तें स्वतः डोळ्यांनीं पाहावें. नोंद होण्यापूर्वीं हरकतीसाठीं मुदत असते, ती याचसाठीं. आणि ज्यांस आपली व्यवस्था लिहून ठेवावयाची आहे त्यांनीं दोन साक्षीदारांसमक्ष ती लिहावी, कोणास काय दिलें याबरोबरच कां दिलें हेंही लिहावें, आणि आपल्यामागें तो कागद तलाठ्याकडे कोणीं न्यावा हेंही त्यांत सांगावें. पणजोबांनीं पहिल्या दोन गोष्टी केल्या, तिसरी राहिली. कागद पेटींत गेला आणि वही उघड्यावर राहिली.

संस्थेच्या चालकांस एक सूचना करून हा लेख पुरा करतों. महिन्यांतून एक दिवस संस्थेच्या कचेरींत मोडी वाचणारा एक मनुष्य बसवावा; सभासदांनीं घरचे जुने दस्त आणावे व वाचवून न्यावे. बियाणें आणि खतें यांची माहिती आपण एकमेकांस देतों, तशीच ही. पणजोबांनीं म्हटलें होतें कीं, खांड गेल्यास चिखल आधीं टाकावा, वाद मागाहून घालावा. आमच्या घराच्या बांधास पडलेली खांड बुजविण्यास शंभर वर्षें उशीर झाला. वाचकांनीं आपापला बांध वेळेवर पाहावा.

— मानखुर्द येथील एक सेवानिवृत्त महसूल कारकून